शेवटच्या बाकावरून

बॅटरीचे दोनच दिवे उरलेत.
मोखोत्लाँगची थंडी, गुडघ्यांवर ब्लँकेट,
आणि 'जमिनीची धूप', स्लाइड पहिली:
अकरा ओळी, चार रंग,
कोपऱ्यात उगाच डोलणारं एक सूर्यफूल.

फूल आधी काढलं.
मग खोलीच्या टोकाशी गेले, दाराला पाठ लावून
माझंच लिहिलेलं वाचू लागले.
मुंग्या. नुसत्या मुंग्या.
त्लालीला तर मुंग्याही दिसणार नाहीत;
चष्म्याची एक काच मेंढ्यांमागे धावताना फुटली त्याची.

अक्षर मोठं करावं, तर ओळी मावेनात.
ओळ खोडावी, तर हात धजेना:
एकेकीसाठी किती पानं चाळली होती!
'हे तोंडानं सांगेन, हेही सांगेन' म्हणत
वाक्यं वाहून जाऊ दिली.
उरला एक फोटो, शाळेमागची घळ,
तिच्यात उभी माझी छत्री, खोली कळावी म्हणून.
खाली ठळक, काळ्यात:
माती कुठे गेली?

सकाळी चित्र भिंतीवर पडलं.
त्या भिंतीला जुनी भेग आहे,
ती नेमकी घळीच्या तोंडाशी जाऊन मिळाली.
प्रोजेक्टर जरा सरकवावा म्हणून मी वाकले,
तोवर त्लाली शेवटच्या बाकावरून उठून
भिंतीशी आलेला.
भेगेवर बोट फिरवत, चित्राच्या बाहेर, पार खिडकीपर्यंत:
"बाई, पुढे ती आमच्या मेंढवाड्यापाशी येते.
परवा कुंपणाचे दोन खांब गेले."

अजून चार स्लाइड होत्या.
बॅटरी संपेपर्यंत
मी तीच राहू दिली.