शेऱ्याचा रकाना

फाइल उतरवून घ्यायला नऊ सेकंद लागले.
चार हजार एकशे बारा ओळी, सतरा रकाने :
माहुलच्या खाडीतल्या तिसऱ्या,
सहा वर्षांच्या ओहोट्या,
पाण्याचा खारटपणा, चिखलाचं तापमान,
टोपल्यांचं एकूण वजन.

वर परवाना, दोनच ओळींचा.
वापरा, बदला, पुढे द्या.
कुणाकडून घेतलंत तेवढं सांगा.
आणि त्याखाली, कुठल्याच परवान्यात न बसणारी तिसरी :
‘नेमक्या जागा छापू नका.
बायकांनी विश्वासानं दाखवल्यात.’

कायदा मला ठाऊक आहे.
आकड्यावर कुणाची मालकी नसते.
चौदा पूर्णांक दोन हे चौदा पूर्णांक दोनच,
मांडीभर चिखलात उभं राहून मोजलेलं
की पंख्याखाली बसून,
ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं.
शब्दांना हक्क, मांडणीला हक्क.
नुसत्या घामाला नाही, असं वकीलमित्र म्हणाला
आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

सतरावा रकाना शेऱ्याचा.
मी तो पहिल्याच दिवशी लपवला होता,
आलेखाला उपयोग नाही म्हणून.
काल चुकून उघडला.
‘भांग. पाणी फार ओसरलं नाही.’
‘काटा बिघडला. वाण्याचा आणला.’
‘तेलाचा तवंग. सगळं परत ओतलं.’
‘चांगुणाबाई आल्या नाहीत. ताप.’
‘चांगुणाबाई आल्या नाहीत.’
‘चांगुणाबाई’
आणि पुढे काहीच नाही.
ओळ दोन हजार नऊशे सहापासून
टोपल्या पाचाच्या चार.

माझ्या आलेखात तिथून एक लाल रेघ उतरते.
देखणी रेघ. तिच्याखाली मी लिहिलं होतं :
शिंपल्यांचा लक्षणीय ऱ्हास.
शिंपले होते तिथेच.
एक बाई नव्हती.

सुलक्षणा तांडेल, फाइलची धनीण,
तिला रात्रीच पत्र लिहिलं. चूक कबूल केली.
जाता जाता विचारलं, ओहोटीची वेळ कशी काढलीत?
यंत्राचं नाव कुठे दिसत नाही.
तिचं उत्तर आलं तिसऱ्या दिवशी :
‘तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
तिथून सहा तास मोजायचे.
याचा हक्क कुणाकडे ते मलाही माहीत नाही.
सगळ्यांना येतं.’

दरम्यान चेंबूरहून एका सल्लागार कंपनीचा फोन :
तुमच्याकडे ठिपके आहेत म्हणे, अक्षांश-रेखांशासकट?
जेट्टीचं काम आहे. मोबदला देऊ.
नाहीत म्हणालो.
खोटं बोललो, आणि बरं वाटलं.
मग नकाशावरचे सगळे ठिपके पुसून
त्यांच्या जागी एक ढोबळ चौकोन टाकला :
त्यात खाडी, तिवरं, कारखान्याची भिंत, एक शाळा.
शोधा म्हणावं आता.

संदर्भयादीत आडनाव आधी, मग नाव, मग साल.
तांडेल बसली त्यात.
चांगुणाबाईंना कुठे बसवू?
त्यांच्या मुलीला विचारते, म्हणाली सुलक्षणा.

मुलीचा निरोप आज आला, फोनवर बोललेला,
मागे कुकरची शिट्टी :
आईचं नाव घाला, हरकत नाही.
पण तुमचा हिशेब तरी कुठे बरोबर आहे?
काट्यावर टोपली ठेवायच्या आधी
ती मूठभर तिसऱ्या ओच्यात टाकायची, रोज.
त्या तुमच्या फायलीत नाहीत.
त्या आम्ही खाल्ल्या.