काळी पँट

उभा ऱ्हा सरळ. पोट आत ओढू नको,
उद्या तिथं श्वास सोडशील आणि माप खोटं पडंल.
हां, असा.
टाचण्या लावून होईस्तोवर तुला दुसरं काम न्हाई,
तवा ह्या पँटची कुळकथा ऐक.

तालमीच्या पोरांनी घेतली ही, महाद्वार रोडवरनं,
गणपतीच्या वर्गणीतनं उरलेल्या पैशात.
वहीत अजून नोंद हाय म्हणं: 'मंडळ खर्च, किरकोळ.'
पहिल्यांदा घातली धैर्यशीलनं.
नाव धैर्यशील, आणि गुडघे असे लटलटत होते
की माझी टाचणी दोनदा मांडीत गेली.
त्याला कागलच्या कारखान्यात लागली नोकरी.
पँट धुऊन, घडी घालून आणून दिलीन,
मागच्या खिशात पेढ्याचा कागद तसाच.

मग इम्तियाज. कुस्ती सोडलेला,
कान मोडलेले, मांड्या अशा
की शिवणीतलं होतं नव्हतं तेवढं कापड सोडावं लागलं.
शर्टाचं वरचं बटण गळ्याला पोचंना.
म्हणलो, टाय बांध, टायमागं सगळं लपतंय.
तीन ठिकाणी जाऊन आला.
तिसऱ्या ठिकाणी विचारलं, 'तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती?'
ह्यानं खरं तेच सांगितलं: रोज पाचशे बैठका.
साहेब हसला म्हणं.
हा पण हसला.
फोन काय आला न्हाई.

आता तू. अठ्ठावीसची कंबर, आणि पँट झाली चौतीस.
भिऊ नको, कात्री लावत न्हाई मी.
आत दुमडतो, कच्चा टाका घालतो.
तुझ्यामागं अजून कोण कोण उभं हाय
ते तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बघ.

बूट कुणाचे? दाजींचे?
पुढं कापूस कोंब आणि आज रात्री घरात घालून हिंड,
जिन्यावरनं पण.
परक्या बुटात माणूस न विचारता
कुणाच्या घरात शिरल्यासारखा चालतोय.
पायताण न्हाई म्हणून वाईट वाटून घेऊ नको,
करकर ऐकून मान वळवणारी माणसं इथं, कट्ट्यावर.
तिथं तुझ्याआधी तुझा आवाज आत जायला नको.
मिसळ खायची तर शर्ट घालायच्या आधी.
अंगठ्या काढ. दंडातला दोरा ऱ्हाऊ दे,
बाही लांब हाय.
अत्तराचं नावच नको.
फाईल डाव्या हातात, उजवा कोरडा ठेव.

आणि 'मी' म्हणायला शीक.
आपल्यात सगळं 'आम्ही गेलाव, आम्ही केलाव',
त्यांना कळायचं न्हाई तू एकटा आलास का फौज घेऊन.
मी बाई असून 'जातो-येतो' म्हणतो,
ह्या गावात कुणाला टोचत न्हाई.
पण माझी मुलाखत कधी कुणी घेतलीच न्हाई.
सासऱ्यानं मशीन पुढं केलं, म्हणाले, बसून बघ.
बसलो. बावीस वर्षं झाली.

हे बघ, इकडं, आतनं.
ह्या बारक्या भोकांच्या रेघा.
वरची धैर्यशीलची. ह्या तीन इम्तियाजच्या,
दर वेळी म्हणायचा, जरा आणि सैल करा आत्त्या.
इस्त्रीनं जात न्हाईत त्या,
वाफ देऊन बघितली, पाणी मारून बघितलं.
बाहेरनं कुणाला दिसत न्हाईत म्हणा.
तुला ठाऊक असू दे, एवढंच.

पैसे?
लागली की दे.
न्हाई लागली तर पँट नुसती आणून टाक,
टाके उसवायचं मी काय घेत न्हाई.

चल, काढ आता.
हळू.
डाव्या पायाला अजून दोन टाचण्या हायत.