वजनकाट्यावर

न्हावाशेव्याचा कंटेनर पहाटे चारला जालन्याच्या एमआयडीसीत शिरतो.
मी गाडी काट्यावर घेतो, भरलेलं वजन लिहितो, सील तोडतो.
आत कुठल्यातरी देशाचं पोट असतं:
पाइप, पत्रे, पाण्याच्या टाकीचं झाकण,
आणि कधीमधी ते, ज्यासाठी
गौसमियाँला हजार रुपये जास्तीचे मिळतात.

गौसमियाँ भंगार बोटांनी वाचतो. नऊ बोटांनी.
"ह्याच्यात जीव हाय," म्हणतो,
आणि झोपलेलं लेकरू दुसऱ्या खाटेवर न्यावं
तसं ते नळकांडं वाळूत नेऊन ठेवतो.

परवा एकाच कंटेनरमधून दोन वस्तू निघाल्या.
रणगाड्याची भोक पडलेली पाटी,
आणि ते भोक पाडणाऱ्या रॉकेटची शेपटी.
मारणारा आणि मेलेला, एकाच बिलावर, एकाच भावानं.
गौसमियाँनं रॉकेलच्या बोळ्यानं दोन्ही पुसल्या.
मी अक्षरं लावली: कंपनी एक, गाव एक.
सालांत फक्त एकवीस वर्षांचा फरक.
"म्हंजे आधी दोस्ती व्हती," तो म्हणाला
आणि तंबाखू मळायला लागला.

घरी प्रणोतीचा बारावीचा राज्यशास्त्राचा पेपर जवळ आलाय.
हुकूमशाही राजवटी आणि पाश्चात्त्य सत्ता
एकमेकींच्या वैरी का होतात? पाच मुद्दे लिहा.
गाईडात पहिला मुद्दा: मूल्यांचा संघर्ष.
"पप्पा, खरंय का हे?"

काय सांगू.
ह्याच जालन्यात गोऱ्यांची छावणी होती.
पणजोबांचे वडील तिथं घोड्यांना हरभरा भरडून द्यायचे.
छावणीच्या पलीकडं निजामाचा अंमलदार
साऱ्याला उशीर झाला म्हणून माणसं झोडपायचा
आणि साहेबाला ते ऐकू यायचं नाही.
कसं येईल? निजाम त्यांचा वफादार दोस्त,
पुढं तशी पदवीच दिली त्यांनी.
दोस्ती असेपर्यंत कानात कापूस असतो.
दोस्तानं एक दिवस आपला भाव आपण सांगितला,
विहिरीवर स्वतःचा पहारा बसवला,
की दुसऱ्या सकाळी साहेबाला
रयतेच्या पाठीवरचे वळ एकेक करून मोजता येतात.
वळ खोटे नसतात. तारीख तेवढी उशिराची असते.

आणि तो आतला? त्यालाही वैरी लागतोच.
दाराबाहेर वाघ आहे असं ओरडल्याशिवाय
घरातल्यांना कोंडून कसं घालता येईल?
रेशन का कमी? वाघ. पेपर का बंद? वाघ.
पोरगा तीन महिने कुठं आहे? वाघ.
वाघ अधूनमधून खरोखर डरकाळी फोडतो,
ही त्याची सगळ्यात मोठी सोय.

हे सगळं मी बोललो, जरा मोठ्यानंच.
काट्यावर नियम असतो: रिकामी गाडीही मोजायची,
त्याशिवाय माल किती ते कळत नाही.
भाषणाचंही तसंच करावं, म्हणालो.

"मग मूल्यं म्हणजे काहीच नाही?" प्रणोती.

सकाळी गौसमियाँला विचारलं.
तो बराच वेळ थुंकलाच नाही.
"ज्याच्या पाठीवर पडायलंय त्याला इचार.
वरडणारा सावकार हाय का फकीर, त्याला काय करायचं?
कुणीतरी वरडलं, बस.
पर हात थांबला का, ते बगायचं.
लई जण वरडून माघारी जायलेत."

हे गाईडात बसत नव्हतं.
तिनं चार मुद्दे पाठ केले,
पाचव्यासमोर पेन्सिलीनं लिहिलं: रिकामी गाडी.
मग खोडलं. गुण जातील, म्हणाली.

दुपारी क्रेननं पाटी आणि शेपटी एकाच उचलीत नेल्या.
भट्टीत पडताना दोघींचा वेगळा आवाज आला नाही.
गौसमियाँनं वाळूच्या ढिगापासून दहा पावलांवर
डबा उघडला, आणि रोजच्यासारखा
त्या जिवंत नळकांड्याकडं तोंड करूनच जेवायला बसला.