कडवे वाल

इथे आठवडा रविवारी सुरू होतो,
हे जिभेला अजून पटलेलं नाही.
तिच्या पंचांगात रविवार म्हणजे मटण, मग झोप.
आणि मी पहाटे पाचला तोंडली चिरतोय
प्रणिताच्या डब्यासाठी. सातला तिची ड्यूटी.
गुदैबियाच्या या गल्लीत एवढ्या लवकर
फोडणी देणारा पुरुष मी एकटाच,
कोपऱ्यावरचे कॅफेटेरियावाले सोडून.
त्यांना पगार मिळतो.

मार्चमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला,
तेव्हापासून मला मिठाचा अंदाज येऊ लागला.

सोमवारी साफी आणली.
मासळीबाजारातला म्हातारा जासिम
मी तोंड उघडायच्या आत तीन बोटं दाखवतो.
मी दोन दाखवतो.
दोघं हसतो, आणि तीनच होतात.
साफीला काटे फार. पण आगळात पडल्यावर
तिनं काही आढेवेढे घेतले नाहीत.

मंगळवारी कालचंच.
फक्त रात्री वाल भिजत घातले,
सासूबाईंनी रोह्याहून धाडलेले,
कुणाच्या तरी बॅगेत, साडीच्या घडीतून.
"कडवे आहेत हो, सांभाळून घ्या,"
त्या फोनवर म्हणाल्या.
वालांबद्दलच, बहुतेक.

बुधवारी ती म्हणाली, आज गॅस पेटवू नकोस.
येमेनी हॉटेलात भारतीय बैठक,
मधे प्लास्टिकचा कागद, त्यावर परातभर मंदी.
"भातात लवंग जास्त झालीय," मी म्हणालो.
"बरा आहे रे," म्हणत तिनं
नळीचा तुकडा माझ्या बाजूला सरकवला.
बिल आलं. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला.
तिनं पाहिलं,
आणि बडीशेप शोधू लागली.
गाडीत दोघांच्या बोटांना एकच वास.

बाल्कनीत ऑगस्ट होता. फडक्यात बांधलेल्या वालांना
रोह्यात दोन दिवस लागतात,
इथे एका रात्रीत पेराएवढे मोड.
या उकाड्याचा आपल्यावर एवढाच उपकार.

गुरुवारी ती रात्रपाळीला,
मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन जमिनीवर.
चिमटीत धरला की वाल सुळकन निसटतो,
साल बोटात राहते.
एक निसटून कुठे गेला, सापडला नाही.
मारे अभियंता होतो मी,
पूल मोजायचो.
बारा वाजले तेव्हा अर्धे झाले होते.

शुक्रवारी सकाळी साडेसातला वाढदिवस.
पडदे ओढले, म्हणजे रात्र.
प्रणितासोबत मारिसेल आणि बिन्सी,
तिघी कालच्याच युनिफॉर्ममध्ये.
वरच्या मजल्यावरून उम्म खलीलनं बलालीत पाठवलं,
मी तोंडल्याची भाजी दिली होती त्याच ताटलीत.
रिकामं भांडं परत करायचं नसतं,
हे तिला कुणी सांगितलं?
केक, शेवया, वर अंड्याची पोळी,
आणि मधोमध बिरडं, खोबऱ्याच्या रसात,
वाफाळत.
मारिसेलनं एक डाळिंबी चमच्यावर उचलून पाहिली.
"हे एकेक सोललं? कुणी?"
प्रणितानं माझ्याकडे बोट केलं. घास तोंडात होता.
मग भात मागितला. मग पुन्हा.
"आईच्यात गूळ जरा जास्त असतो,"
म्हणाली, आणि वाटी चाटून पुसून ठेवली.
मेणबत्ती फुंकायची राहिली.
त्या दोघी गेल्या तेव्हा ती सोफ्यावर झोपली होती,
उष्टा हात उशीबाहेर, हवेत धरल्यासारखा.
मी ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं.
ती झोपेतच म्हणाली, बेड नंबर नऊ.

शनिवारी केर काढताना
गळक्या एसीच्या बादलीमागे तो वाल सापडला.
साल अंगावर तशीच, मोड वाढून वाकडा झालेला.
धुतला, तोंडात टाकला.
कच्चा. चांगलाच कडू.
चावत राहिलो.

तोंडली संपलीत. उद्या रविवार.