मोजलेली हवा

ऑक्टोबरात शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर.
जानेवारीत चौदा.
डायरीत मी आकडे लिहीत गेले,
जसा कुणी तापाचा तक्ता लिहितं
औषध न देता.

गाडी जुनी व्होल्वो, नऊशे चाळीस,
बाहेरून निवृत्त पोस्टमास्तरासारखी सभ्य.
आत मोठा टर्बो, थोराड इंजेक्टर,
नव्यानं पढवलेला मेंदू.
सगळं मीच घातलं, दोन हिवाळ्यांच्या ओव्हरटाइमवर,
राहेच्या पोलाद कारखान्यात, रात्रपाळीला.

आणि आता औलूच्या रस्त्यावर
ओंडक्यांचा ट्रक ओलांडायला जावं
तर पाठीला कुणी ढकलतच नाही.
बूस्टचा काटा शून्य पॉइंट सहाशी घुटमळतो,
आधी एकच्या पुढे धावायचा.

मी थंडीला दोष दिला.
आर्वो म्हणाला, थंड हवा दाट. टर्बोला मानवते.
मग पेट्रोलला. मग पंपावरच्या पोराला.
प्लग काढले: काजळीनं काळे. बदलले.
ऑक्सिजन सेन्सर, एकशे दहा युरो.
टर्बोची पाती चिमटीत धरून हलवली,
वेस्टगेटचा दांडा मागेपुढे केला.
निर्दोष सुटणाऱ्यांची रांग लागली
आणि दंड भरत होते मी.

आर्वो शेजारी राहतो.
लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं फिटर,
बोलतो असा, जणू शब्दावर कर आहे.
रविवारी तो रंगाचा रिकामा डबा घेऊन आला,
झाकणात दोन नळ्या, आत वात,
आणि रित्वाच्या कपाटातली बेबी ऑइलची बाटली.
त्यांची मुलगी तांपेरेत असते, तिची मुलगी शाळेत जाते,
बाटली अजून अर्धी.

"धूर करू."

दाराशी एक तार आहे, आत येणारा श्वास न् श्वास मोजते.
त्या मापानं मेंदू पेट्रोल वाढतो.
पण दार आणि इंजिन यांच्या मधेच
हवा निसटली, तर त्याला सांगणार कोण?
शंभर पानं मांडली, साठच जेवले,
वाढपी वाढतच राहिला.
उरलंसुरलं काजळी होऊन
मागच्या नळीतून माझ्या अंगणातल्या बर्फावर.

गॅरेजचं दार ओढून घेतलं. बाहेर उणे अठरा.
बराच वेळ काहीच नाही.
कॉम्प्रेसर धापा टाकतोय, आर्वो टॉर्च धरून गुडघ्यांवर,
मी मनात नव्या टर्बोची किंमत जुळवतेय.
मग इंटरकूलरच्या खाली, डावीकडे,
निळ्या सिलिकॉनच्या नळीमागून
दोऱ्याएवढा धूर
सरळ उभा राहिला,
तान्ह्या बाळाच्या वासाचा.

क्लॅम्प माझाच.
सप्टेंबरात ती नळी एकदा सुटली होती
कारखान्याच्या गेटसमोर, अख्ख्या पाळीदेखत.
पुन्हा सुटू नये म्हणून आवळला,
दात खाऊन, आणि वर आणखी अर्धा फेरा.
त्या अर्ध्या फेऱ्यानं पट्टीची कड
रबरात रुतत गेली, रोज थोडी,
मी पंपावरच्या पोराला बोलत होते तेव्हासुद्धा.

आर्वोनं भेगेत नख घालून पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं नाही.
एवढं मी त्याचं देणं लागते.

नवी नळी आली, रुंद पट्टीचा क्लॅम्प.
पाना त्यानं माझ्याच हातात दिला.
मी फिरवू लागले.
"बस," तो म्हणाला.
मला सैल वाटलं.
अजून वाटतं.

मंगळवारी पहाटे, पाळी सुटल्यावर,
रिकाम्या रस्त्यावर काटा एक ओलांडून गेला
आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.
टाकी भरून भागाकार केला: दहा पॉइंट दोन.
साडेनऊ नाही.
सातशे मिलिलिटरचा हिशेब कुठेच लागेना.
डायरी घेऊन कुंपणाशी गेले.
आर्वो बर्फ ओढत होता. आकडा वाचला,
फावडं टेकवून थोडा थांबला.

"तेवढं थंडीचं," म्हणाला.