दाराचं रबर

तीन आठवडे डिशवॉशरखाली
वेइक्कोचा सॉनातला टॉवेल.
रोज पहाटे तो पिळताना
राइया म्हणायची, उद्या बघू.

आज बसली फरशीवर. गुडघे कुरकुरले.
चौकटीतून जुनं रबर ओढलं तर
कडक, हट्टी, कोपऱ्यात चिरलेलं,
खाचेत बारा वर्षांची कॉफी
आणि शेपूची एक काडी.

नवं कोमट पाण्यात भिजवलं.
वर, मधोमध सुरुवात; मग अंगठ्यानं
बोट-बोट दाबत खाली.
घाई केली की फुगवटा येतो,
तो सांगायचा, खिडक्यांबद्दल.

रात्री यंत्र घुमलं.
बाहेर औलू, उणे एकवीस.
सकाळी टॉवेल चाचपला : कोरडा.
पुन्हा चाचपला, उगाच.

जुनं रबर अजून ओट्यावर.
दार नसतानाही
दाराच्याच आकारात वाकलेलं.