वीतभर वर, वीतभर खाली

खानापुरात, रेल्वे फाटकापलीकडच्या लाकूड अड्ड्यात
भरमाणी सुतार अर्ध्यात कापलेल्या पिंपात
खांबांचे पाय बुडवतो. खाली जाळ.
क्रिओसोट तापतं
आणि लाकडातली हवा बुडबुड्यांनी वर येते.

"आता जाळ ओढ," म्हणतो.
"तापताना नुसतं श्वास सोडतंय.
गार होताना पितंय बघ."

ब्रशनं लावलेलं नखभर आत जातं,
पहिल्या भेगेपर्यंत टिकतं.
ओल्या लाकडाला तर काहीच पाजता येत नाही,
ते आधीच भरलेलं.

मी विचारलं, सगळाच खांब का नाही बुडवत?
काळ्या अंगठ्यानं त्यानं रेघ ओढली.
"खोल मातीत कुजत नाही. वर वाऱ्यात कुजत नाही.
शिवेवर कुजतंय की रे.
वीतभर वर, वीतभर खाली."

नंदगडच्या रस्त्याला त्यानं रोवलेला एक खांब आहे.
वरची पाटी तीनदा रंगली, अक्षरं बदलली,
मधे वर्षभर तर
पाटीच नव्हती.

दुपारी तो भाकरी सोडून बसतो.
मुंग्यांची रांग येते,
आणि त्याच्या हातापाशी
वळसा घालून जाते.